वेरेकर साहेबांचा करार

वेरेकर साहेबांना कुणी 'सर' म्हटलेलं खपत नसे. रुजू झाले त्याच दिवशी त्यांनी आम्हां सगळ्या शिक्षकांना स्टाफरूममध्ये बोलावलं, एकेकाचं नाव, विषय आणि गाव विचारलं आणि मग शांतपणे सांगितलं, "मुख्याध्यापक हा शाळेतला पहिला शिक्षक. त्याला सर म्हणतात, बाई म्हणतात. मी शिक्षक नव्हे. मी प्रशासक. मला साहेब म्हणायचं."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही साहेब म्हणू लागलो. इतकं सोपं होतं ते. पुढचं सगळंही असंच सोपेपणानं होत गेलं.

माझं माहेर पेडण्यातलं, हरमलचं. लग्न होऊन डिचोलीला आले आणि खाणीच्या रस्त्यावरच्या त्या हायस्कुलात मराठी आणि भूगोल शिकवू लागले, त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. गोवा मुक्त झाल्यावर गावकऱ्यांनी डोक्यावरून चिरे वाहून बांधलेली ती शाळा. शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून, इमारतीच्या देखभालीचे पैसेही सरकारकडून, आणि उरलंसुरलं पालकांच्या वर्गणीतून. कारभार बघायला एक व्यवस्थापन समिती. तिचे अध्यक्ष बाबूसो. खाणी धडाक्यात चालू होत्या ते दिवस. बाबूसोंच्या दारात दर महिन्याला नवा ट्रक उभा राहत होता आणि हात लावतील ती गोष्ट मोठी करायची त्यांना हौस लागली होती. शाळाही त्यातच आली.

"हेडमास्तरीण बरी आसा," ते समितीच्या सभेत म्हणाले, "पूण शाळेक आतां एक वजनदार मनीस जाय."

शाळेला वजनदार माणूस हवा म्हणाले, आणि मुख्याध्यापिका कुंदाताई समोरच बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, वहीत काहीतरी लिहीत राहिल्या. मी शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून त्या समितीवर होते. मीही काही बोलले नाही. पुढच्या सभेत मिरचीभजी आली, चहा आला आणि त्यांच्या पाठोपाठ ठरावाचा आणि कराराचा एक जाड गठ्ठा फिरत आला. ज्याच्यापुढे येईल तो शेवटचं पान उलटून सही करी आणि गठ्ठा पुढे सरकवी. माझ्या बोटांना भज्याचं तेल लागलं होतं, म्हणून मी आधी रुमालाला बोटं पुसली आणि मग सही केली. एवढी काळजी मी नक्की घेतली.

साहेब उंचीनं बेताचे. रंग गोरा, मानेवर कायम पावडरचा हात फिरवलेला, केस तेलानं चापून बसवलेले. म्हापशाकडच्या एका मोठ्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. तिकडचं पेन्शन चालू, इकडचा पगार चालू. बगलेत चेनची एक तपकिरी चामडी फाइल असायची. त्या फाइलीत शाळेचे कागद असत असं आम्ही बरेच दिवस समजत होतो. तिच्यात फक्त त्यांचा करार होता. कुठलीही गोष्ट निघाली की ते चेन सरकवत, अंगठा जिभेला लावून पानं उलटत आणि नेमकं कलम काढून वाचून दाखवत. वाचन मात्र सुरेख. मी त्यांना आयुष्यात दुसरं काही इतक्या गोडीनं वाचताना पाहिलं नाही.

भाषा त्यांनी कामं वाटून दिल्यासारख्या ठेवल्या होत्या. काही मागायचं असलं की कोंकणी. काही नाकारायचं असलं की मराठी, तीही छापील. आणि उत्तरच द्यायचं नसलं की इंग्रजी. आम्ही नुसत्या पहिल्या शब्दावरून ओळखायचो, आज काय होणार ते.

आणि एक वाक्य होतं. "हें म्हाका नाका. पदाक जाय." मला नको, पदाला हवं. हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा काढलं ते खुर्चीसाठी. कुंदाताईंच्या खोलीतली सागवानी खुर्ची, शाळा सुरू झाली तेव्हा गावच्या सुतारमेस्तानं करून दिलेली, ती त्यांना पाठीला टोचली. डोकं टेकायला उशी असलेली फिरती खुर्ची आली. मग खोली लहान पडली म्हणून कुंदाताई स्टाफरूमच्या कोपऱ्यात आल्या, एका कपाटाच्या आडोशाला. मग उकडायला लागलं म्हणून वातानुकूलन आलं. ते चालू झालं की सहावीच्या वर्गातले पंखे मंदावत, कारण तार एकच होती. मुलं वहीनं वारा घेत शिकत. साहेब बंद दाराआड बसत आणि बाहेर येत तेव्हा त्यांच्या अंगाला थंडगार वास यायचा.

पण नुसती निंदा करून भागणार नाही. आम्ही गप्प का बसलो तेही सांगायला हवं.

आम्हां शिक्षकांच्या पगारवाढीची थकबाकी तीन वर्षं पणजीच्या कुठल्यातरी टेबलावर अडकून पडली होती. कुंदाताईंनी पत्रांमागून पत्रं पाठवली होती. साहेब आले आणि एका सोमवारी सकाळी फाइल घेऊन पणजीला गेले. पंधरा दिवसांत पैसे आमच्या खात्यात. कुणी घराची कौलं बदलली, कुणी मुलीचं लग्न उरकलं. मी गोदरेजचं कपाट घेतलं. साहेबांनी त्याबद्दल एक शब्दही उच्चारला नाही, उपकार बोलून दाखवले नाहीत. ते फक्त अधूनमधून स्टाफरूमच्या दारात उभे राहून विचारायचे, "सगळं व्यवस्थित ना?" आणि आम्ही सगळे एकदम म्हणायचो, "हो साहेब." आमची किंमत किती, हे त्या माणसानं आल्या महिन्यातच नेमकं जोखलं होतं. त्याचं ते कौशल्य मी अजून मानते.

त्यामुळे मुलींच्या खोलीचं झालं तेव्हा बोलल्या त्या एकट्या कुंदाताई.

इमारतीच्या टोकाला एक छोटी खोली होती आणि तिला जोडून संडास-बाथरूम. पाणी असलेलं तेवढं एकच. ते मोठ्या मुलींसाठी होतं. मुलग्यांना मागची मोकळी बाजू होती, शिक्षकांना वेगळं होतं. साहेबांनी ती खोली बघितली, नळ सोडून बघितला आणि आठ दिवसांत तिथं नव्या फरश्या बसल्या, आरसा आला आणि दाराला कुलूप लागलं. किल्ली शिपायाच्या कमरेला. मुलींना मैदानाच्या कडेचं जुनं, दाराला कडी नसलेलं संडास दाखवण्यात आलं. तिथं पाणी बादलीनं न्यावं लागे.

कुंदाताई साहेबांच्या खोलीत गेल्या तेव्हा मी हजेरीपट द्यायला तिथंच उभी होते.

"साहेब, नववी-दहावीच्या मुली आहेत. त्यांची अडचण असते. ती खोली परत द्या."

साहेब मराठीत बोलले, म्हणजे नकार होता. "ताई, मला व्यक्तिशः त्याची गरज नाही. मी कुठंही जाऊ शकतो. परंतु पदाची म्हणून काही प्रतिष्ठा असते. पदाला स्वतंत्र प्रसाधनगृह असावं असं करारात आहे."

कुंदाताई एरवी अगदी सौम्य. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता, त्या दिवशीही चढला नाही. त्यांनी विचारलं, "पदाला लघवीला लागते का, साहेब?"

साहेबांनी फाइलीची चेन उघडली आणि पुन्हा बंद केली. मग इंग्रजीत म्हणाले, की बोलणं संपलं आहे. दुसऱ्या दिवशी कुंदाताईंना लेखी समज मिळाली. वरिष्ठांशी असभ्य भाषा. निवृत्तीला त्यांचं दीड वर्ष उरलं होतं, ते त्यांनी त्या कपाटाच्या आडोशाला बसून काढलं. आणि आमच्या मुली सकाळी घरून निघाल्यापासून परत जाईपर्यंत पाणी प्यायच्या बंद झाल्या. मे महिन्याच्या आधीच्या त्या उन्हात एकदोघी प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडल्या. साहेबांनी प्रार्थना पाच मिनिटांनी आखूड केली आणि तसं परिपत्रक काढलं.

गाडीची गोष्टही त्याच वर्षातली. आमची बरीच मुलं पठारापलीकडच्या वाड्यांवरून येत. खनिजाचे ट्रक ज्या रस्त्यानं जात तोच त्यांचा रस्ता, दुसरा नव्हताच. पोरं ट्रकांच्या मधून, गटाराच्या कडेनं चालत यायची. पांढरे सदरे शाळेत पोचेपर्यंत विटकरी व्हायचे. एका खाणवाल्यानं पालकांच्या मागणीवरून शाळेला जीप दिली. डिझेल आणि ड्रायव्हर शाळेच्या खर्चानं. दोन महिने ती वाड्यांवर दोन-दोन फेऱ्या मारायची. मग साहेबांचा मुक्काम डिचोली गावात हलला, संस्थेनं भाड्यानं घेतलेल्या बंगल्यात, आणि त्यांना आणायला-पोचवायला ती जीप जाऊ लागली. सीटवर पांढरे टॉवेल आले, पुढच्या काचेवर 'प्रशासक' अशी पाटी आली. सकाळी साहेबांना आणायचं, मग साहेबांच्या सौभाग्यवतींना बाजारात, सोमवारी फोंड्याला देवदर्शनाला. पोरांच्या फेरीला वेळच उरेना. पोरं पुन्हा चालू लागली.

त्याच दिवाळीनंतर साहेब आणि सौभाग्यवती दहा दिवस सिंगापूरला जाऊन आले. करारात वर्षाकाठी एक अभ्यासदौरा होता. परतल्यावर प्रार्थनेच्या वेळी त्यांनी मुलांना तिथल्या रस्त्यांविषयी सांगितलं. "तिथं रस्त्यावर धुळीचा कण दिसत नाही. कारण तिथली मुलं शिस्तीची आहेत." समोर वाड्यावरची पोरं उभी होती, पापण्यांपर्यंत लाल झालेली. आम्हां शिक्षकांना त्यांनी एकेक की-चेन दिली. मी ती घेतली आणि आभार मानले.

आता सगुण गवसबद्दल सांगते. सगुण दोडामार्गाकडचा, खाणी सुरू झाल्या तसा इकडे येऊन राहिलेला. ट्रक चालवायचा, आणि तोही बाबूसोंचाच ट्रक. त्याची मुलगी शेवंती माझ्या आठवीच्या वर्गात होती. चित्रं सुंदर काढायची. भूगोलाच्या वहीत नकाशा काढला तर समुद्राला लाटा काढायची, आणि मी त्या खोडायला लावायची.

पालकांची वार्षिक सभा होती. साहेब मंचावर, शेजारी बाबूसो. साहेबांनी प्रगतीचा अहवाल वाचला. मग नेहमीप्रमाणे, कुणाला काही विचारायचं आहे का, असं विचारून ते कागद गोळा करू लागले. मागच्या रांगेत सगुण उभा राहिला. हातात टोपी, अंगात इस्त्रीचा सदरा. बहुधा लग्नातला.

"साहेब, ती जीप पोरांका होती मा?"

साहेब मराठीत म्हणाले, "वाहन संस्थेचं आहे. त्याचा विनियोग संस्था ठरवते."

"ता खरा. पण मी रोज त्याच रस्त्यान भरलेलो ट्रक घेऊन जातंय. माझ्या काचेतसून पोरां दिसनत नाय, नुसती धूळ दिसता. धुळीत पोर आसा की नाय, माका कळना नाय. मी हॉर्न वाजवतंय आणि देवाचा नाव घेतंय. माझा स्वताचा चेडू त्याच धुळीत आसता."

 बाबूसो सगुणकडे बघत होते. मालक नोकराकडे बघतो तसं नव्हे. वाटेत अचानक दगड दिसावा तसं.

साहेब म्हणाले, "आपली भावना मी समजू शकतो. परंतु प्रशासकाच्या करारात वाहनाची तरतूद आहे."

"मग तो करार माका वाचूक मिळात?"

"तो अंतर्गत दस्तऐवज आहे. आपण काही संस्थेचे देणगीदार नव्हे."

सगुणनं थोडा विचार केला. "मी देणगी नाय देवक. पण मी काडेपेटी इकत घेतलंय तरी कर भरतंय. मिठाक भरतंय, डिझेलाक भरतंय. थय सरकारात जाता, थयसून हय येता. माझे पैसे खय गेले ता माका बघूचा आसा. बाकी काय नाय."

ह्यावर साहेब इंग्रजीत बोलले. काय बोलले ते मला आठवत नाही. राष्ट्रगीत झालं आणि सभा संपली.

पुढच्याच आठवड्यात सगुणच्या ट्रकावर दुसरा ड्रायव्हर बसला. बाबूसोंनी कारण सांगितलं नाही, सगुणनं विचारलं नाही. महिनाभर त्यानं इकडे तिकडे काम बघितलं, पण तालुक्यात बाबूसोंच्या शब्दापलीकडे कोण जाणार? शेवटी तो बायको-मुलीला घेऊन मुरगावला गेला, बंदरात कामाला. शेवंतीचा दाखला न्यायला तो शाळेत आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "कशाला पडलात ह्यात?" तो म्हणाला, "पडलंय खय? अजून विचारतंयच आसंय."

आणि त्यानं खरोखरच सोडलं नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज केला. शाळेनं कळवलं, संस्था खासगी आहे, माहिती देता येत नाही. त्यानं अपील केलं. तारखेला मुरगावहून पणजी, बस बदलत, रजा टाकून. एका तारखेला साहेब स्वतः गेले होते, जीपमधून. समोरचा माणूस चपला घालून आला आहे आणि त्याच्याकडे वकील नाही हे त्यांनी परत आल्यावर स्टाफरूममध्ये सांगितलं आणि हसले. आम्हीही हसलो. निकाल सगुणच्या बाजूनं लागला. पगार सरकारचा, देखभाल सरकारची, तर कागदही लोकांचा, असं त्यात होतं.

कराराची प्रत हातात पडल्यावर सगुण मला भेटायला घरी आला. मी चहा ठेवला, पदेराकडचे ताजे उंडे, म्हणजे पाव, होते ते पुढे केले. त्यानं नको म्हटलं. चौदा पानं त्यानं पिशवीतून काढली. बंगला, बंगल्याचं सामान, फोन, वीज, नोकर, जीप, अभ्यासदौरा, प्रसाधनगृह. सगळं कलमवार. काही खर्च देखभालीच्या सरकारी पैशांतून घालायची सोय होती, काही मुलांसाठी नव्या खोल्या बांधायला जमवलेल्या वर्गणीतून. सगळ्यात खाली अकरावं कलम. मुदतीआधी प्रशासकास दूर केल्यास उरलेल्या काळाचं पूर्ण वेतन आणि सवलतींची भरपाई एकरकमी देण्यात येईल.

सगुणनं शेवटचं पान माझ्यापुढे ठेवलं आणि बोट टेकवलं. "बाई, ही सही तुमची मा?"

"हो."

"वाचून केलात?"

"नाही."

 तो रागावला नाही. पानं नीट जुळवून त्यानं पिशवीत घातली आणि म्हणाला, "शेवंती तुमची याद काढता." आणि गेला. त्याच्या त्या न रागावण्यानं मला जेवढं झोंबलं तेवढं आयुष्यात कुणाच्या शिवीनंही झोंबलेलं नाही.

पुढचं लवकर झालं. वर्तमानपत्रात करार आला. शिक्षण खात्याची माणसं आली, देखभालीचं अनुदान रोखलं गेलं. पालक शाळेच्या दारात जमले, आणि त्यांत सगुणच्या सभेला मान खाली घालून बसलेले बरेच होते. बाबूसोंना वारा कुठून वाहतो ते सगळ्यांच्या आधी कळायचं. त्यांनी तातडीची सभा बोलावली आणि स्वतःच सुचवलं की साहेबांना आजपासून मुक्त करावं. मी त्या सभेला होते. हे सगळं चाललेलं असताना साहेब फिरत्या खुर्चीत बसून एका पायानं हलकेच हेलकावे घेत होते. ठराव झाला. मग त्यांनी चेन सरकवली, अंगठा जिभेला लावला आणि अकरावं कलम वाचलं. सावकाश, स्वच्छ उच्चारात. त्यांची अजून दोन वर्षं बाकी होती.

बाबूसो म्हणाले, "साहेब, तुमी अशें करचे न्हय. आमी तुमकां हाडले." आम्हीच तुम्हाला आणलं, असं त्यांचं म्हणणं.

"म्हाका कितेंच नाका, बाबूसो," साहेब म्हणाले. "पूण सही तुमची आसा."

वकिलांना विचारलं. वकिलांनी करार वाचला आणि विचारलं, हा तयार कुणी केला? तो साहेबांनीच तयार करून आणला होता. पैसे द्यावे लागले. नव्या खोल्यांसाठी पालकांनी दहा वर्षं जमवलेली रक्कम होती, ती त्यात गेली. शेवंतीच्या मागच्या दोन तुकड्या एका वर्गात पडदा लावून शिकल्या. मुलींच्या खोलीचं कुलूप मात्र निघालं. कुंदाताई निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. मी त्यांना ते सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि तांदूळ निवडत राहिल्या.

आणि आम्ही साहेबांना निरोप दिला. हो, समारंभ केला. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. माणूस जातो आहे तर गोड बोलून पाठवावा, असं ठरलं. मराठीची शिक्षिका मी, म्हणून मानपत्र मी लिहिलं. 'शाळेच्या इतिहासात आपलं नाव कायमचं कोरलं गेलं आहे' असं एक वाक्य त्यात होतं, आणि ते लिहिताना मी मनातल्या मनात मोठा टोला हाणल्यासारखी खूश झाले होते. साहेबांनी मानपत्र हातात घेतलं, भिंगातून वाचलं, एका ठिकाणी वेलांटी चुकली होती ती दाखवली आणि म्हणाले, "छान. हे चौकटीत बसवून द्या." माझा टोला त्यांना लागला नव्हता. तो लागण्यासारखी जागाच त्यांच्यात नव्हती. चौकटीचा खर्च आम्ही वर्गणी काढून केला.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. खाणी बंद पडल्या, बाबूसोंचे ट्रक अंगणात गंजले, बाबूसो गेले. शेवंती मुरगावच्याच एका शाळेत चित्रकला शिकवते असं ऐकलं. निवृत्त झाल्यावर मी हरमलला भावाच्या शेजारी येऊन राहिले. आणि तिथं कळलं की वेरेकर साहेबांनी किनाऱ्याकडच्या रस्त्यावर जागा घेऊन घर बांधलं आहे. खाली स्वतः राहतात, वर पर्यटकांना द्यायच्या सहा खोल्या. कधीमधी स्कूटर भाड्यानं घेणाऱ्या गोऱ्या पोरांशी फाटकात बोलताना दिसायचे. पोरं हसायची, ते हसत नसत. मी बाजूनं निघून जाई. ओळख दाखवावी असं मला वाटलं नाही आणि त्यांना ओळख पटलीही नसावी.

गेल्या वर्षीच्या ग्रामसभेत मात्र योगायोगानं त्यांच्या शेजारचीच खुर्ची मला मिळाली. साहेब थकले होते. पावडर तशीच होती, केस मात्र उरले नव्हते. खोल्यांवरची घरपट्टी वाढवण्याचा विषय निघाला आणि ते काठीच्या आधारानं उठले. आवाजाला काहीच झालं नव्हतं. ते मराठीत बोलले. पंचायतीच्या सचिवाला मोबाइल फोन दिला आहे, त्याचं बिल कोण भरतं? तो त्यावरून घरी बोलत नाही कशावरून? सरपंच बैठकीला येतात त्या दिवशी चहाबरोबर सामोसे का लागतात? "आम्ही कर भरतो," ते म्हणाले. "हा लोकांचा पैसा आहे. पदावरची माणसं त्यावर मौज करणार आणि आम्ही गप्प बसायचं? ह्या प्रत्येक खर्चाचा कागद आम्हाला दिसला पाहिजे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघं-तिघं उठून उभे राहिले. तो सचिव, पंचविशीतला पोरगा, खिशातला फोन काढून टेबलावर ठेवू लागला, जणू चोरीचाच होता.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते. कुठंतरी डोळा लवेल, ओठाचा कोपरा हलेल असं मला वाटत होतं. काही नाही. एकेका शब्दावर त्या माणसाचा मनापासून विश्वास होता. 

ते खाली बसले. घाम टिपला आणि माझ्याकडे वळून, अनोळखी बाईशी बोलावं तसं, विचारलं, "बरोबर बोललो ना?"

"नाही," मी म्हटलं.

माझा आवाज लहान नव्हता. पुढच्या रांगेतल्या बायकांनी वळून बघितलं. साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग काठी दुसऱ्या हातात घेतली आणि पलीकडच्या माणसाकडे वळून त्याला तेच विचारलं.

तो म्हणाला, "बरोबर, साहेब. अगदी बरोबर."